माहेरच्या नावाचा संघ

अकोला,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

घरी पोचल्याचं तुला फोनवर कळवलं, पण खरं बोलणं राहूनच गेलं. ते फोनवर जमणारं नव्हतं. त्यात वाचून दाखवण्यासारखं बरंच आहे, आणि तू ते एकटीने, सावकाश, हवं तिथे थांबून वाचावंस असं मला वाटतं. म्हणून हे पत्र.

त्या रविवारी, २ नोव्हेंबरला, तुझ्या अमरावतीच्या अंगणात आपण तुळशीचं लग्न लावलं. उसाचा मांडव घातला, बोरं-आवळे ठेवले, शेजारच्या पोरींनी मंगलाष्टकं म्हटली. अक्षतांचे तांदूळ केसांत तसेच ठेवून आपण दोघी टीव्हीपुढे बसलो. नवी मुंबईत पावसाने विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास अडवून धरला होता, त्यामुळे मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागलं. शफालीच्या ८७ धावा, दीप्तीच्या ५८ धावा आणि पाच बळी. भारताच्या २९८, दक्षिण आफ्रिकेच्या २४६. हरमनप्रीतने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला तेव्हा मी ओरडले, गल्लीत कुणीतरी फटाके लावले. तू मात्र हातावर हात ठेवून बसून होतीस. मग त्या पोरींनी मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा यांना मैदानात बोलावलं आणि चषक त्यांच्या हातात दिला. तेव्हा तू पदर डोळ्यांना लावलास.

थोड्या वेळाने तू म्हणालीस, "माझ्यासंगं खेळलेल्या एखादीले तरी आज फोन लावावा वाटते वं. पण लावू कोनाले? त्यायचे आताचे नावंच मले मालूम नाही."

आत्या, ते वाक्य घेऊनच मी बडनेऱ्याहून गाडीत बसले. कुरुम गेलं, माना गेलं, मूर्तिजापूर आलं, आणि माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. तू क्रिकेट खेळायचीस हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कसं माहीत होतं? 'कॉलेजात थोडंफार खेळायची' एवढंच. एखादी बाई लग्नाआधी थोडंफार गायची, थोडंफार चित्रं काढायची, त्याच रांगेतलं. तुझा एक संघ होता, त्यात अकरा जणी होत्या आणि त्या संघाचा शेवट झाला, हे मला माझ्या वयाच्या चाळिशीनंतर, तुझ्या एका वाक्यातून कळलं.

घरी आल्यावर मी माळ्यावरून आबांची लोखंडी पेटी खाली काढली. तू सांगितली होतीस ती वही तिच्यातच होती.

हिरव्या कापडी बांधणीची लांबट वही. सुरुवातीच्या पानांवर तुझं अक्षर आहे: पेन्सिलीने लिहिलेली नावं, षटकांचे चौकोन, चौकोनांत ठिपके. एक ठिपका म्हणजे धाव न निघालेला एक चेंडू. पूर्ण षटक निर्धाव गेलं की सहाही ठिपके रेघेने जोडून तू त्यांचा 'एम' केला आहेस, आणि त्यात बळी मिळाला असेल तर 'डब्ल्यू'. कुठे खाडाखोड नाही. जिथे बेरीज चुकली तिथे तू खोडून न टाकता बाजूला बारीक अक्षरात दुरुस्ती लिहिली आहेस. मग एकतिसाव्या पानावर खेळ संपतो. बत्तिसाव्या पानापासून आबांचं अक्षर सुरू होतं. वेचणीला किती बाया आल्या, कुणाचा किती कापूस भरला, किती चुकारा दिला. सरकीची ढेप दोन पोती. दुधाचा हिशेब. वखराला पोलाद घातलं त्याची मजुरी. धावांसाठी आखलेल्या चौकोनांत कापसाचे किलो लिहिलेले आहेत.

आधी मला त्याचं वाईट वाटलं. नंतर वाटलं, आबांनी ती वही रद्दीत घातली नाही. कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून ठेवली, आणि त्यामुळे तुमची एकतीस पानं शिल्लक राहिली.

आता तुझ्या त्या वहीच्या आजूबाजूला देशात काय चाललं होतं ते लिहिते. त्यातलं काही तुला ठाऊक असेल, पण एका सलग रेघेत मांडलं की तुमचा संघ कुठे उभा होता ते दिसतं.

१९७३ साली महेंद्रकुमार शर्मा नावाच्या एका धडपड्या माणसाने लखनौला विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडियाची नोंदणी केली. बेगम हमीदा हबीबुल्ला पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढे आपल्या कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाणांनीही ही संघटना सांभाळली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि ती भरली पुण्यात. संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्ष संपायच्या आत वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा आठ संघ आले. कोलकात्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. मागणी नव्हती, मुली खेळतच नाहीत, असं जे म्हणत होते त्यांना या तीन आकड्यांनी उत्तर दिलं. मुली खेळत होत्याच. मुंबईत आलू बामजींनी राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच मुलींसाठी 'अल्बीज' हा क्लब काढला होता. कुणी बोलावण्याची तेवढी वाट होती. मग विभागांसाठी राणी झाशी करंडक आला, लहान मुलींच्या गटांच्या स्पर्धा आल्या.

१९७६ च्या ऑक्टोबर अखेरीस बंगळूरला भारतीय महिला पहिला कसोटी सामना खेळल्या, वेस्ट इंडीजविरुद्ध, शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली. नोव्हेंबरात पाटण्याला पहिला विजय मिळाला, आणि तो पाहायला हजारो लोक आले. १९७८ च्या जानेवारीत तर विश्वचषकच भारतात झाला. चार संघ होते, आपली कर्णधार डायना एडलजी होती. आपण सगळे सामने हरलो. त्यातल्या एका हरलेल्या सामन्याचं पेपरातलं चार ओळींचं कात्रण तू वहीच्या पुठ्ठ्याला आतून खळीने चिकटवलं आहेस. कडा पिवळ्या पडल्यात, अक्षरं अजून वाचता येतात. तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस.

आणि हे सगळं करणाऱ्या बायका कशा राहत होत्या? शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपायच्या. आरक्षण नसलेल्या डब्यातून, किटबॅगांवर बसून देशभर फिरायच्या. एक चांगली बॅट तिघी-चौघींत वापरायच्या. ज्यांची नावं आज पुस्तकांत आहेत त्यांची ही गोष्ट. मग अकोल्यासारख्या गावात तुमचं काय असेल!

तुमचं काय होतं ते मला त्या रात्री तूच सांगितलंस. सामना संपून टीव्ही बंद झाल्यावर तू दोन वाजेपर्यंत बोलत होतीस. मी ते विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते. चुकलं असेल तर समासात दुरुस्ती कर, तुझ्या वहीतल्यासारखी.

पॅडचा जोड एकच, त्यामुळे फलंदाजीला जाणारी प्रत्येक जण एकाच पायाला पॅड बांधायची, पुढे येणाऱ्या पायाला. चेंडू कॉर्कचा. काथ्याची मॅट मुलांच्या क्लबची; ती पहाटे साडेपाचला अंथरायची, खिळे ठोकायचे, आणि मुलं यायच्या आत गुंडाळून परत जागेवर ठेवायची. अंगात पांढरा सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जायचा. सात वाजले की मॅटवर हात टेकवत नसे. घरून निघताना आजी पदराआडून भाकर आणि चटणीची पुरचुंडी द्यायची, आणि आबा वर न बघता विचारायचे, "काहून वं पोट्टे, आज बी जाऊन राह्यली?" तू 'हाव' म्हणायचीस आणि सायकल बाहेर काढायचीस. त्यांनी कधी 'जा' म्हटलं नाही, पण दारही कधी लावलं नाही.

सामने खेळायला पॅसेंजरने अमरावती. तिथल्या मुली तुमच्यापेक्षा तगड्या, असं तू म्हणालीस, आणि कारणही सांगितलंस: त्या गावाला व्यायामाची सवय होती. खरंच आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. ज्या गावाने हे पाहिलं त्या गावात पोरीने मैदानावर धावणं ही दचकण्याची गोष्ट नव्हती. हळूहळू दोन्ही गावांच्या मुलींचा मिळून एक संघ झाला. बाहेरगावी जायचं तर अकोल्यात अकरा जमायच्या नाहीत, अमरावतीत जमायच्या नाहीत. दोन्हीकडच्या मिळून जमायच्या. त्या संघाला नाव नव्हतं. तुम्ही त्याला 'आपला संघ' म्हणायच्या. वहीवरही तेच आहे: एका बाजूला समोरच्यांचं नाव, दुसऱ्या बाजूला 'आपला संघ'.

आता त्या अकरा नावांकडे येते.

प्रत्येक नाव तू आडनाव आणि पहिलं अक्षर असं लिहिलं आहेस, पुरुषांच्या धावपत्रकात असतं तसं. आडनावं सगळी माहेरची. दुसरी असणार तरी कशी? पुढे एकेकीचं लग्न झालं आणि आडनाव गेलं. आपल्याकडे त्या काळी नुसतं आडनावच जात नसे, नावही जायचं. तुझ्याच लग्नाचा फोटो आपल्या हॉलमध्ये आहे. ताटात तांदूळ पसरलेत आणि काका अंगठीने त्यावर तुझं नवं नाव लिहितायत. तू खाली बघतेयस. लहानपणी मला तो फोटो फार आवडायचा. आता त्याच्याकडे पाहिलं की मला ती वही आठवते. वहीत यष्टीमागे उभी राहणारी, सलामीला येणारी, एकदा ४१ धावा काढून नाबाद राहिलेली जी मुलगी आहे, तिच्या नावाने गेल्या चव्वेचाळीस वर्षांत तुला कुणी हाक मारलेली नाही.

ज्या मोठ्या पातळीवर खेळल्या त्यांचंही नाव बदललं, पण त्यांचा माग पुसला गेला नाही. चंद्रकांता अहेर ही पुढे चंद्रकांता कौल झाली. प्रमिला कोरीकर ही प्रमिला भट झाली, आणि त्या नावाने तिने १९९७ च्या विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. क्रिकेटच्या नोंदींत त्यांची दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, कारण देशासाठी खेळलेल्या बाईची दोन आयुष्यं जोडून ठेवण्याची काळजी कुणीतरी घेतली. त्याखालच्या पायरीवर, राज्यांच्या आणि विभागांच्या संघांत खेळलेल्या कितीतरी जणींसाठी ती काळजी कुणी घेतली नाही. त्या काळच्या स्पर्धांची अनेक धावपत्रकं नीट जपलीच गेली नाहीत. आणि त्याही खाली, जिथे संघाला नाव नव्हतं, तिथे तुझ्यासारखी एखादी यष्टिरक्षक स्वतःच वही आखून बसली म्हणून काही उरलं.

वहीतलं एकतिसावं पान मी बराच वेळ बघत बसले. मे १९८१. तुमचा शेवटचा सामना. आठव्या क्रमांकाच्या मुलीपुढे धावा ६. कशी बाद झाली त्या रकान्यात इतरांसाठी तू त्रिफळा, झेल, धावचीत असं लिहिलं आहेस. तिच्यापुढे एकच शब्द आहे: 'पाहुणे'.

ती खेळत असताना घरून भाऊ आला आणि तिला बोलावून घेऊन गेला, पाहायला पाहुणे येणार होते. हे तू मला त्या रात्री सांगितलंस. पॅड तिने धावपट्टीवरच सोडलं. त्यानंतर उरलेल्यांनी डाव पूर्ण केला, तू बेरीज मांडलीस, खाली रेघ ओढलीस. त्याच लगीनसराईत तुमच्यातल्या चौघींची लग्नं लागली, त्यांत तुझंही होतं. पावसाळ्यानंतर मैदानावर पाच जणी आल्या, दिवाळीनंतर तिघी. मग कुणीच नाही. संघ बंद करायचा ठराव झाला नाही. त्याला बंदी कुणी घातली नाही. घराघरांतून एकेकीला बोलावणं आलं, इतकंच.

आत्या, हे वाचताना तुला असं वाटू देऊ नकोस की तुम्ही चिकाटीत कमी पडलात. वरती देशाचा संघ चालवणाऱ्यांचंही यापेक्षा फार बरं नव्हतं. १९८६ साली शुभांगी कुलकर्णीच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला; त्या दौऱ्यात संध्या अगरवालने कसोटीत १९० धावांची खेळी करून विश्वविक्रम केला. आणि त्यानंतरचा कसोटी सामना आपल्या मुलींना मिळाला तो थेट १९९१ मध्ये. मधल्या काळात १९८८ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात झाला, त्यात आपला संघ उतरलाच नाही. ऐन उमेदीतल्या खेळाडूची पाच वर्षं म्हणजे तिचं अर्धं आयुष्य. विश्वविक्रम करणाऱ्यांना जिथे पाच वर्षं वाट पाहावी लागली, तिथे अकोल्याच्या मैदानावर उरलेल्या तिघींनी कुणाच्या भरवशावर थांबायचं होतं?

पुढे रेल्वेने मुलींना नोकऱ्या दिल्या, एअर इंडियाने दिल्या. खेळून पोट भरतं हे पहिल्यांदा दिसलं. २००५ च्या विश्वचषकात मितालीचा संघ अंतिम फेरीत पोचला, तेव्हा एका सामन्याचे हजार रुपये मिळाले असं मितालीनेच सांगितलं आहे. २००६ च्या नोव्हेंबरात महिला क्रिकेट संघटनेचा सगळा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे गेला. तेव्हा संघटनेच्या सचिव शुभांगी कुलकर्णीच होत्या. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने जे स्वतः उभं केलं, सतरंज्यांवर झोपून चालवलं, ते मुलींचं भलं व्हावं म्हणून दुसऱ्याच्या हाती दिलं. भलं झालंही, सावकाश झालं पण झालं. विमानाचा प्रवास आला, चांगली मैदानं आली. २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. २०२३ च्या मार्चमध्ये विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली.

पण त्या बदलात काही संघही संपले. संघटनाच उरली नाही, तेव्हा तिची जुनी रचना गेली. रेल्वेचा संघ राहिला. एअर इंडियाचा महिला संघ नव्या मांडणीत राहिला नाही. अंजुम चोप्रा, झुलन गोस्वामी ज्या संघातून वाढल्या तो संघ आज कुठल्याही तक्त्यात नाही.

इथे मला आपल्या वऱ्हाडचीच एक गोष्ट आठवते. रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या वर्षांत 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या नावाचा पुरुषांचा संघ खेळायचा. प्रांत बदलले, तो संघ संपला. १९५७-५८ पासून विदर्भ स्वतःच्या नावाने रणजीत उतरला. म्हणजे वऱ्हाडचं नाव लावणारा पुरुषांचा संघही आज नाही. पण त्याची धावपत्रकं आहेत. कोण कितव्या क्रमांकाला आला, कुणी किती षटकं टाकली, सगळं छापलेलं आहे. त्या खेळाडूंच्या नातवंडांना आजोबांचं नाव शोधायचं तर आजोबांचंच नाव शोधावं लागतं. संघ संपणं वेगळं, आणि संघातल्या माणसांना शोधायला नावच न उरणं वेगळं. पुरुषांच्या वाट्याला पहिलं आलं. तुमच्या वाट्याला दोन्ही आलं.

आज तू राहतेस त्या अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारतासाठी खेळली. यंदाच्या मार्चमध्ये ब्रेबॉर्नवर गुजरातकडून मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा ठोकल्या, तेव्हा तूच मला फोन केला होतास. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात होती, जो लॉर्ड्सवर नऊ धावांनी हरला. आता सगळे म्हणतात, आणि मीही त्या रात्री तुला म्हणाले, की आत्या, तुम्ही पाया घातला म्हणून या पोरी इथवर आल्या. तू काहीच बोलली नाहीस. प्रवासात मला कळलं की ते वाक्य बरोबर नव्हतं.

तुमच्या मॅटपासून भारतीच्या बॅटपर्यंत जाणारा धागा मी दाखवू शकत नाही. तुमच्यापैकी कुणी तिला शिकवलं नाही, तुमचं नाव तिच्या कानावर गेलं नसेल. तिने जे मिळवलं ते तिच्या मेहनतीचं आहे, आणि त्यात तुमचा वाटा दाखवायची काही गरज नाही. पाया म्हटलं की तो जमिनीत गाडलेला असतो, आणि त्याला बघायचं काही कारण उरत नाही. तुमचा संघ कुणाचा पाया नव्हता, कुणाची पायरी नव्हता. तो एक संघ होता. त्याने सामने जिंकले, हरले, एकाच पायाला पॅड बांधून धावा काढल्या. २०२५ मध्ये चषक आला नसता तरीही तुझ्या त्या ४१ धावा ४१ च राहिल्या असत्या. म्हणून त्याला जे द्यायचं ते त्याच्याच हक्काने द्यायला हवं. आणि संघाला सगळ्यांत आधी काय लागतं? अकरा नावं.

ती मी शोधायला घेतली आहेत.

आबांनी जशी वही टाकली नाही, तशाच लग्नपत्रिकाही टाकल्या नाहीत. आठवते तुला ओसरीतली ती तार, जिच्यात पावत्या आणि पत्रिका टोचलेल्या असायच्या? ती तशीच गुंडाळून पेटीत होती. चार दिवस रोज संध्याकाळी मी एकेक पत्रिका सोडवून, वही शेजारी ठेवून वाचत होते. लग्नपत्रिकेत मुलीचं माहेर आणि सासर एकाच कागदावर असतं. चि. सौ. कां. म्हणून तिचं नाव, वडिलांचं आडनाव, खाली वराचं आडनाव आणि गाव. क्रिकेटच्या नोंदींत जे काम कुणी केलं नाही ते तुमच्यासाठी छापखान्याने हळदीच्या बोटांच्या कागदावर करून ठेवलं आहे. बोटं अजून पिवळी आहेत.

अकरापैकी चौघी सापडल्या. तुमची डावखुरी गोलंदाज खामगावला दिली होती. सलामीला तुझ्याबरोबर येणारी कारंजाला. जिच्यापुढे तू 'झेल ३' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेस ती दर्यापूरला. आणि 'पाहुणे' लिहिलेली वरूडला, त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला. म्हणजे पाहुण्यांना मुलगी पसंत पडली होती. या चौघींची सासरची आडनावं आणि गावं आता माझ्याकडे आहेत. वरूडला आमच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर आहे. त्यांनी चौकशी करायचं कबूल केलं आहे. बाकीच्या गावांना मी नाताळच्या सुट्टीत स्वतः जाणार आहे.

उरलेल्या सहा जणींसाठी मला तू हवी आहेस. कुणाचं घर कुठल्या गल्लीत होतं, कुणाचा भाऊ कुठे नोकरीला होता, कुणाचं लग्न कुणाच्या मध्यस्थीने ठरलं. तुम्हां बायकांना एकमेकींच्या धावा लक्षात नसतील, पण सोयरिकी लक्षात असतील. त्यावरून माग काढता येतो. कुणी आज नसेल तर तिच्या मुलांना सांगायचं. त्यांना कदाचित माहीतच नसेल की आपली आई ऑफब्रेक टाकायची.

तुला वाटेल, कशाला हा खटाटोप. माझ्या शाळेत संध्याकाळी चौदा मुली खेळायला थांबतात. त्यांतली एक यष्टिरक्षण करते, तुझ्यासारखीच अंगाने बारीक, आणि चेंडू सुटला की स्वतःवर चिडते. परवा मी तिला तुझी वही दाखवली. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं, तुझ्या नावापाशी थांबली आणि विचारलं, "मॅडम, ह्या आता कुठं असतात?" मी म्हटलं, अमरावतीला. ती म्हणाली, "मग येतील का एकदा?" तिला मी उत्तर दिलेलं नाही. ते तू द्यायचं आहे.

येताना घाबरायचं काही नाही. भाषण नाही, सत्कार नाही, शाल-नारळ नाही. मैदानाच्या कडेला खुर्ची ठेवीन, तू बस. एकतिसाव्या पानाच्या पाठीमागे आबांनी काही लिहिलेलं नाही, ती एकच बाजू कोरी राहिली आहे. तिथे अकरा ओळी आखून ठेवल्या आहेत. डाव्या बाजूला वहीतलं नाव, उजव्या बाजूला आजचं, मध्ये गाव. पहिली ओळ तुझी. ती तुझ्याच हाताने लिहायची, दोन्ही नावांनी.

आणि एक. हे पत्र तुला मिळेल तेव्हा पाकिटाकडे नीट बघ. पत्ता तुझ्या आजच्या घराचा आहे. नाव मात्र मी वहीतलं लिहिलं आहे, पहिल्या पानावर सर्वांत वर तू लिहिलंस तसं. पोस्टमन दारात थांबून विचारेल, या नावाचं इथे कोण राहतं? सूनबाई कदाचित 'इथं नाही कुणी' म्हणेल. त्याआधी तू पुढे हो, आणि पत्र हातात घे.

तुझी,
भाची